घाटमाथ्याचा उकिरडा आणि समुद्रातील प्लास्टिक : कृष्णा खोऱ्याच्या विशेष संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

समुद्र व समुद्रकिनारे यांवरील प्लास्टिक प्रदूषण हा विषय आपल्याकडे प्रायः रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र वा भूगोल या विभागांकडे सोपविला जातो. इतिहासाच्या अध्यापकाने, आणि तेही आष्ट्यासारख्या समुद्रापासून दूर असलेल्या गावी राहून, या विषयावर लेखन करावे याचे कोणास आश्चर्य वाटल्यास ते अस्वाभाविक म्हणता येणार नाही. सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यातील आष्टा हे गाव कृष्णा व वारणा या दोन नद्यांच्या दरम्यानच्या सुपीक पट्ट्यात वसलेले आहे. येथील विद्यार्थ्याचा समुद्राशी येणारा संबंध बहुधा गणपतीपुळे वा गुहागरच्या शैक्षणिक सहलीपुरता मर्यादित असतो. किनाऱ्यावरील बाटल्या व पिशव्या पाहून तो परत येतो तो किनाऱ्यावरच्या लोकांविषयी एक मत बनवूनच. हा कचरा किनाऱ्यावरच्या लोकांचा, आपला त्याच्याशी संबंध नाही, असे ते मत असते. प्रस्तुत लेखात या मताचे ऐतिहासिक परीक्षण करण्याचा प्रयत्न केलेला आहे.

लेखात मांडावयाचा मुद्दा थोडक्यात असा आहे की, महाराष्ट्रात प्लास्टिकविषयी जी सार्वजनिक जाणीव आणि जे कायदे निर्माण झाले, ते मुख्यतः पाण्याने कचरा माणसाच्या दारात परत आणून टाकल्यानंतर निर्माण झाले. जेथे नदीने तोच कचरा पुढे वाहून नेला, तेथे त्याची नोंदही फारशी झाली नाही. मुंबई हे पहिल्या प्रकारचे, तर आपले कृष्णा खोरे हे दुसऱ्या प्रकारचे उदाहरण होय.

एकाच डोंगरावरून दोन समुद्रांकडे

महाबळेश्वर येथे कृष्णेचा उगम अरबी समुद्रापासून अवघ्या ६४ किलोमीटर अंतरावर आहे. तरीही ही नदी समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेकडे सुमारे १४०० किलोमीटरचा प्रवास करते आणि आंध्र प्रदेशात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागरास मिळते. महाबळेश्वरच्या ज्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री व सावित्री या पाच नद्यांचा उगम मानला जातो, त्यांपैकी सावित्री मात्र पश्चिमेस उतरून बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्रास मिळते. याच बाणकोटजवळ वेळास हे गाव आहे. इतिहासाच्या अभ्यासकांना ते नाना फडणवीसांचे मूळ गाव म्हणून परिचित आहे. त्याच नानांचा वाडा वाईजवळ मेणवली येथे कृष्णाकाठी आजही उभा आहे. एका घराण्याचा संबंध सह्याद्रीच्या दोन्ही उतारांवरील नद्यांशी सहज असू शकत होता, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

घाटमाथा व समुद्र यांचे नाते त्याहून कितीतरी जुने आहे. कोल्हापूर येथे पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात रोमन बनावटीच्या ब्राँझच्या वस्तू सापडल्या. त्यांत पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची लहानशी मूर्ती आहे. सातवाहनकालीन व्यापाराचा पुरावा म्हणून आपण ती वर्गात सांगतो. समुद्रमार्गे आलेली वस्तू बंदरावर न थांबता घाट चढून नदीकाठच्या नगरात पोहोचत होती, असा तिचा अर्थ आपण लावतो. मग त्याच नगरांतून निघणारी वस्तू नदीमार्गे समुद्रास पोहोचते याकडे मात्र आपले लक्ष जात नाही.

उकिरडा, बारदान व कॅरीबॅग

जुन्या गावगाड्यात कचरा या शब्दाला आजचा अर्थ नव्हता. घरचा केर, राख, शेण, उष्टेखरकटे हे सर्व उकिरड्यावर जात असे आणि पावसाळ्यापूर्वी तो उकिरडा खत म्हणून शेतात पसरला जाई. उकिरड्याचेही बारा वर्षांनी दैव पालटते अशी म्हण मराठीत रूढ झाली ती या व्यवहारातून, कारण उकिरडा ही शेतकऱ्याची एक प्रकारची ठेवच होती. जेवणावळीस पत्रावळ व द्रोण, किराणा मालास रद्दी कागदाची पुडी व सुतळी, तेलास किटली, बाजारास कापडी पिशवी, धान्य व हळदीस तागाचे बारदान ही सारी वेष्टने एकतर पुन्हा वापरली जात वा मातीत मिसळून जात. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा येथे हेतू नाही. त्या काळी गावोगावी पटकीच्या साथी येत, आणि उकिरडा उपसण्याचे काम कोणाच्या वाट्यास येई हेही आपणांस ठाऊक आहे. मात्र वेष्टन म्हणून वापरलेली वस्तू नदीत पडली तरी ती तेथे टिकून राहत नसे, एवढी वस्तुस्थिती ध्यानात घेतली पाहिजे.

पॉलिथिनचा शोध १९३३ मध्ये इंग्लंडमधील आय.सी.आय. या कंपनीच्या प्रयोगशाळेत काहीसा अपघातानेच लागला. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या तारांचे वेष्टन म्हणून त्यास महत्त्व आले. आज आपण जिला कॅरीबॅग म्हणतो त्या पिशवीच्या रचनेचे एकस्व स्वीडनमधील सेलोप्लास्ट कंपनीच्या स्टेन गुस्ताफ थुलिन यांच्या रचनेसाठी १९६५ मध्ये घेण्यात आले. भारतात १९६९ मध्ये इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशन लिमिटेड हा सार्वजनिक उद्योग बडोदे येथे स्थापन झाला. १९९१ नंतरच्या उदारीकरणात खाजगी क्षेत्रातील प्रचंड कारखान्यांची भर पडली आणि प्लास्टिकचा कच्चा माल मुबलक व स्वस्त झाला. शाम्पू, सुपारी, गुटखा यांच्या एक-दोन रुपयांच्या पुड्या खेड्यातील टपरीवर लोंबू लागल्या त्या साधारणतः याच कालखंडात.

या बदलास प्रतिकार झालाच नाही असे नव्हे. कृत्रिम धाग्याच्या पोत्यांनी तागाची बाजारपेठ गिळू नये म्हणून केंद्र शासनाने १९८७ मध्ये काही वस्तूंच्या वेष्टनासाठी ताग अनिवार्य करणारा कायदा केला. आरंभी त्याच्या कक्षेत धान्य व साखरेबरोबरच सिमेंट आणि खतेही होती. पुढे ही दोन्ही वगळण्यात आली. सांगली जिल्ह्यासारख्या साखर कारखानदारीच्या प्रदेशात या कायद्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. परंतु हा कायदा बंगालच्या ताग उत्पादकांच्या व गिरणी कामगारांच्या रक्षणार्थ होता. वापरून झालेल्या पोत्याचे पुढे काय होते हा प्रश्न त्यात नव्हता. आज ऊस व द्राक्षांच्या शिवारात ठिबकच्या नळ्या, आच्छादनाचे कागद, रोपवाटिकेच्या पिशव्या, खतांची पोती यांच्या रूपाने शेत हेच प्लास्टिकचे एक उगमस्थान झालेले आहे. शहरी ग्राहकाच्या कॅरीबॅगेवर जेवढी चर्चा होते तेवढी या शेतीतील प्लास्टिकवर होत नाही, हे नमूद करणे आवश्यक वाटते.

समुद्राने परत केलेला पुरावा

समुद्रातील प्लास्टिकची शास्त्रीय नोंद तशी अलीकडची नाही. १९७२ मध्ये कार्पेंटर व स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञांनी अटलांटिकमधील सारगासो समुद्राच्या पृष्ठभागावर तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या कणांविषयी 'सायन्स' या नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला होता. जहाजांवरून प्लास्टिक समुद्रात टाकण्यास बंदी घालणारे मार्पोल कराराचे पाचवे परिशिष्ट ३१ डिसेंबर १९८८ पासून अमलात आले. २००४ मध्ये ब्रिटनमधील रिचर्ड थॉम्प्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्लास्टिक समुद्रात नाहीसे होत नसून सूक्ष्म तुकड्यांच्या रूपाने वाळूत व पाण्यात साठत असल्याचे दाखविले. पुढे २०१५ मध्ये जेना जॅम्बेक व सहकाऱ्यांनी, २०१० या एका वर्षात १९२ किनारी देशांतून ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन प्लास्टिक समुद्रात गेल्याचा अंदाज मांडला. येथवर जहाजांकडे रोखलेले बोट आता जमिनीकडे वळले होते.

महाराष्ट्रात मात्र ही जाणीव ग्रंथांतून आली नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि शहर बुडाले. मिठी नदीचे आक्रसलेले पात्र, भराव, भरतीची वेळ अशी त्याची अनेक कारणे होती. डॉ. माधव चितळे यांच्या समितीने २००६ मध्ये त्यांचे विवेचन केले. परंतु जनमानसात आणि शासनाच्या पहिल्या प्रतिक्रियेत गटारे तुंबविणारी प्लास्टिकची पिशवी हीच प्रमुख आरोपी ठरली. परिणामी २००६ मध्ये राज्याने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांना मनाई करणारे नियम केले आणि महाराष्ट्र अविघटनशील कचरा (नियंत्रण) अधिनियम संमत झाला. शेजारच्या गोव्याने असा कायदा १९९६ मध्येच केला होता. बांगलादेशाने १९८८ व १९९८ च्या पुरांचा अनुभव घेऊन २००२ मध्ये पातळ पिशव्यांवर बंदी आणली होती. पूर आणि पिशवी यांचा हा संबंध केवळ मुंबईपुरता नव्हता.

त्यानंतरचा टप्पा किनाऱ्यावर घडला. मुंबईत पावसाळ्यातील मोठ्या भरतीनंतर समुद्र शहराचा कचरा मरीन ड्राइव्ह, दादर, वर्सोवा येथे परत आणून टाकतो. कोळी बांधवांच्या डोल जाळ्यांत मासळीबरोबर पिशव्या येतात ही तक्रार जुनीच आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह या तरुण वकिलाने एका वयोवृद्ध शेजाऱ्यासह वर्सोवा किनाऱ्याची सफाई सुरू केली आणि हळूहळू त्या कामास लोकचळवळीचे रूप आले. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यांचा 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' या सन्मानाने गौरव केला. मार्च २०१८ मध्ये त्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची किमान ८० पिल्ले समुद्राकडे जाताना दिसली. अनेक वर्षांनंतर असे घडत असल्यामुळे त्याची वार्ता सर्वदूर गेली. आपल्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, यानंतर शाह व त्यांचे सहकारी मिठी नदीच्या सफाईकडे वळले. किनारा कितीही झाडला तरी दर भरतीस नवा कचरा येणार, हा अनुभवच त्यांना प्रवाहाच्या वरच्या दिशेने घेऊन गेला असला पाहिजे.

मायक्रॉनचे राजकारण

याच महिन्यात, २३ मार्च २०१८ रोजी, महाराष्ट्र शासनाने २००६ च्या अधिनियमाखाली प्लास्टिक व थर्माकोल वस्तूंवरील बंदीची अधिसूचना काढली. २३ जूनपासून दंडात्मक कारवाई सुरू झाली. पहिल्या गुन्ह्यास ५ हजार, दुसऱ्यास १० हजार, तिसऱ्यास २५ हजार रुपये व तीन महिन्यांचा कारावास अशी तरतूद होती. दुधाच्या पिशवीवर ५० पैसे परतावा देऊन ती परत घेण्याची कल्पनाही तीत होती. अधिसूचनेतील हा भाग प्रस्तुत लेखकास सर्वांत मोलाचा वाटतो, कारण आपल्या प्लास्टिकविषयक नियमांत वस्तू परत येण्याच्या वाटेस पैशाची किंमत देण्याचा विचार क्वचितच आढळतो. दुर्दैवाने अंमलबजावणीत हाच भाग मागे पडला आणि चर्चा दंडाभोवती व सवलतींभोवती फिरत राहिली.

एरवी आपल्या कायद्यांचा सारा इतिहास जाडीचा आहे. केंद्राच्या १९९९ च्या नियमांत २० मायक्रॉन, राज्याच्या २००६ च्या नियमांत ५०, केंद्राच्या २०११ च्या नियमांत ४०, २०१६ मध्ये ५०, तर २०२१ च्या दुरुस्तीनुसार ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ व ३१ डिसेंबर २०२२ पासून १२०. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या काही वस्तू देशभर बंद झाल्या. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. या मोजमापामागे तर्क नाही असे म्हणता येणार नाही. पिशवी जाड झाली की महाग होते, दुकानदार ती फुकट देत नाही, ग्राहक ती जपून वापरतो आणि वजन असल्यामुळे कचरावेचकांस ती उचलणे परवडते. पुण्यात १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या सभासद महिलांनी वेचलेल्या मालाचा हिशेब वजनावरच चालतो. पातळ पिशव्या दिवसभर वेचून किलोभर वजन भरत नाही, म्हणून त्या गटारात राहतात आणि गटारातून नदीत जातात. तथापि आठवडा बाजारात मेथीची जुडी विकणाऱ्या बाईने पिशवीची जाडी कशाने मोजावी याचे उत्तर कोणत्याही नियमात सापडत नाही. दंडाची पावती मात्र बहुतेक वेळा तिच्याच हाती पडते, कारखान्याच्या हाती क्वचित.

कृष्णाकाठची नोंद

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. २००५ च्या ज्या पावसाळ्यात मुंबई बुडाली त्याच पावसाळ्यात सांगलीसही महापूर आला होता. मुंबईच्या पुरातून पिशवीचा कायदा निघाला. सांगलीच्या पुरातून निघाला तो आलमट्टी धरणाचा वाद. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांहून अधिक झाली, जेथे धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. त्यानंतर नेमलेल्या वडनेरे समितीपुढेही पर्जन्यमान, धरणांतील विसर्ग, आलमट्टीचा फुगवटा, नदीपात्रालगतची बांधकामे हेच विषय प्रामुख्याने होते, आणि जीवितहानीचे गांभीर्य पाहता ते योग्यच होते. पूर ओसरल्यावर मात्र काठावरील बाभळी व करंजांच्या फांद्यांना उंचावर अडकलेल्या पिशव्यांची ओळ कित्येक महिने तशीच होती. पुराची रेषा दाखविणारे ते एक आपोआप तयार झालेले साधन होते. आमच्या भागातील कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांवर हीच गोष्ट दरवर्षी लहान प्रमाणात पाहावयास मिळते. पावसाळ्यानंतर बरगे घातले की फुगवट्यात तरंगता कचरा साचू लागतो. पुढील पावसाळ्याच्या तोंडी बरगे काढले की तो एकदम खाली जातो. बंधाऱ्याखालचे पाणी स्वच्छ दिसू लागले म्हणजे प्रश्न सुटला असा समज होणे मग स्वाभाविकच आहे.

हा कचरा बंगालच्या उपसागरापर्यंत पोहोचतो काय, अशी शंका घेतली जाईल. कृष्णेच्या मार्गात आलमट्टी, नारायणपूर, जुराळा, श्रीशैलम, नागार्जुनसागर आणि विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा असे अडसर आहेत. सिंचनाच्या वाढीमुळे कमी पावसाच्या वर्षी समुद्रास मिळणारे पाणीच अत्यल्प असते. २०१७ मधील एका संशोधनाने जगातील मोजक्या दहा मोठ्या नद्यांवर नदीमार्गे येणाऱ्या बहुतांश प्लास्टिकची जबाबदारी टाकली होती. २०२१ मध्ये मेयर व सहकाऱ्यांनी ते चित्र बदलले. त्यांच्या अनुमानानुसार नद्यांतून समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी ८० टक्के प्लास्टिक हजाराहून अधिक नद्यांतून येते आणि त्यांत दाट वस्तीतून वाहणाऱ्या, समुद्रालगतच्या लहान नद्यांचा वाटा मोठा आहे. मुंबई परिसरातील उल्हास नदीचे स्थान या यादीत बरेच वर आहे. तेव्हा उल्हासच्या तुलनेत कृष्णेचा दोष कमी, असे कोणी म्हणू शकेल. परंतु वाटेत थांबलेले प्लास्टिक नाहीसे झालेले नसते. ते जलाशयांच्या गाळात व कालव्यांत साठते, झिजून बारीक होते आणि मोठ्या पुराच्या वर्षी पुढे सरकते. समुद्रास ते उशिरा मिळते आणि मधल्या काळात दुसऱ्या कोणाच्या तरी पिण्याच्या व शेतीच्या पाण्यात असते.

शिवाय कृष्णा खोऱ्याचे सारेच पाणी पूर्वेस जात नाही. कोयना प्रकल्पातून विजेसाठी दरवर्षी ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी बोगद्यांतून पश्चिमेस सोडले जाते आणि वाशिष्ठी नदीवाटे चिपळूणवरून दाभोळच्या खाडीस मिळते. त्याच चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे संरक्षण आरंभिले आणि २००६ पासून तेथे कासव महोत्सव भरू लागला. अंड्यांची चोरी ज्या गावात सर्वमान्य होती, त्या गावाने घरट्यांची राखण स्वीकारावी हा कोकणच्या अलीकडील सामाजिक इतिहासातील लक्षणीय बदल होय. पिशवी व जेलीफिश यांतील भेद कासवास कळत नाही, हे आता तेथील शाळकरी मूलही सांगू शकते. कृष्णेच्या मुखाजवळच्या किनाऱ्यावरही हेच कासव अंडी घालण्यासाठी येते. महाबळेश्वरच्या एका डोंगराचे पाणी ज्या दोन टोकांस जाते त्या दोन्ही टोकांवर एकाच जातीचा प्राणी वाळूत खड्डा खणतो, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना सहलीस नेण्यापूर्वी सांगण्यासारखी आहे.

हिशेबाचा प्रश्न

कृष्णेच्या पाण्यासाठी तीन राज्यांनी दीर्घकाळ लढा दिला. १९६९ मध्ये नेमलेल्या बच्छावत लवादाने महाराष्ट्रास ५६०, कर्नाटकास ७०० व आंध्र प्रदेशास ८०० टीएमसी असे वाटप केले. २००४ मध्ये ब्रिजेशकुमार लवाद नेमला गेला आणि २०१४ मध्ये तेलंगणाच्या निर्मितीनंतर चौथा पक्षकार आला. वापरलेले पाणी नदीत किती परत येते याचाही सूक्ष्म विचार या निवाड्यांत आहे. त्या परतलेल्या पाण्याबरोबर काय येते, हा मात्र वादविषयच नव्हता. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्लास्टिक कचऱ्याचे वार्षिक अहवालही राज्यवार असतात, नदीखोरेवार नसतात. जागतिक पातळीवरही स्थिती वेगळी नाही. मार्च २०२२ मध्ये नैरोबी येथे प्लास्टिकविषयक आंतरराष्ट्रीय करारासाठी ठराव संमत झाला, परंतु २०२४ अखेरची बुसान येथील आणि ऑगस्ट २०२५ मधील जिनिव्हा येथील वाटाघाटींची फेरी करार न होता संपली. उत्पादनावर मर्यादा घालावयाची की केवळ कचऱ्याचे व्यवस्थापन करावयाचे, यावरच मुख्य मतभेद होता.

स्थानिक इतिहासाची साधने या दृष्टीने अद्याप फारशी तपासली गेलेली नाहीत. नगरपरिषदांचे पिशवीबंदीचे ठराव व दंडाची पावतीपुस्तके, नालेसफाईच्या निविदा, आयर्विन पुलावरील पातळीच्या नोंदी, बाजार समित्यांतील बारदान खरेदीचे हिशेब, साखर कारखान्यांच्या वार्षिक अहवालांतील पोत्यांचा खर्च ही सर्व कागदपत्रे आपल्या महाविद्यालयांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. पदव्युत्तर वर्गाच्या प्रकल्पासाठी दरवर्षी त्याच त्या संस्थानांचा व त्याच त्या घराण्यांचा विषय देण्याऐवजी एखाद्या विद्यार्थ्यास १९८५ ते २००५ या काळातील एका बाजारपेठेच्या वेष्टनाचा इतिहास लिहावयास द्यावा. ज्या वर्षी बारदानाचा खर्च घटू लागला ते वर्ष हिशेबाच्या वहीत सापडेल, आणि त्या वर्षी दुकान चालविणारी माणसे अजून गावात आहेत.